वय झालं की माणूस वाळतोच का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं खाणं, वजन आणि पथ्यं

निशिगंध

नमस्कार मंडळी, विषय कंटाळवाणा वाटेल पण घरोघरी असणार म्हणून धागा काढतेय. सासूबाई ७८ वर्षांच्या, मिरजेला एकट्या राहतात, सासरे गेल्यापासून. आम्ही पुण्यात. दिवाळीला आल्या तेव्हा हातात पाटल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "अगं भांडी घासताना गळून पडतात, ठेवून दिल्या डब्यात." मग लक्षात आलं की ब्लाउजही सगळे आत घेतलेले आहेत, नि वरची कवळी बोलताना टकटक वाजतेय. वजन केलं तर ४५. गणपतीच्या आधी डॉक्टरांच्या फाइलवर ५२ लिहिलंय!! घरात सगळ्यांचं एकच, वय झालं की माणूस वाळणारच. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शुगर, बीपी बघितलं, दोन्ही छान आहे म्हणाले, झालं.

मी शेजारी बसून त्या काय काय खात नाहीत ते लिहून काढलं. भात नाही, बटाटा नाही, केळं नाही, गूळ नाही (शुगर). तूप, खोबरं, अंड्यातलं पिवळं नाही (कोलेस्टेरॉल), पांढरं तर तसंही नाही कारण अंडंच नाही. लोणचं, पापड, मीठ नाही (बीपी). तूरडाळ नाही (गॅस), दूध नाही (कफ), शेंगदाणे नाही (पित्त), दही रात्री नाही आणि दुपारी थंडीत नाही. वर सोमवार, संकष्टी, दोन एकादश्या. मग उरलं काय? दोडक्याची भाजी, एक पोळी आणि चहात बुडवून मारी बिस्किटं. तीही "शुगरवाल्यांना चालतात" म्हणून.

तर प्रश्न असा की कुठवर नैसर्गिक म्हणायचं आणि कुठून काळजी करायची, आणि खायला घालायचं तरी काय?

चकलीचा_तुकडा

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही सेम टू सेम यादी आहे, फक्त त्यात वांगं अॅड करा.

वरणफळ

मी आहारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये वयस्कर पेशंटच बघते. आधी आकडा बघू. ५२ वरून ४५ म्हणजे ७ किलो, म्हणजे १३ टक्क्यांच्या वर, आणि तेही काही महिन्यांत. सहा महिन्यांत न ठरवता ५ टक्के वजन गेलं तरी आम्ही कान टवकारतो, १० टक्के म्हणजे गंभीर. याला वय म्हणत नाहीत. वयाने स्नायू कमी होतात, भूक थोडी मंदावते, हे खरं, पण ते वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. असं धाडकन होत नाही.

घरी करता येण्यासारखी एक सोपी चाचणी आहे, एमएनए म्हणतात, तिचं छोटं रूप सहा प्रश्नांचं आहे. गेल्या तीन महिन्यांत खाणं कमी झालं का, वजन उतरलं का, माणूस घराबाहेर पडतो का खुर्ची-पलंगापुरताच फिरतो, तीन महिन्यांत मोठं आजारपण किंवा मोठा मानसिक धक्का झाला का, विसरभोळेपणा किंवा नैराश्य आहे का, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन). एकूण गुण १४. बारा किंवा जास्त आले तर ठीक, ८ ते ११ म्हणजे धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. हो, कुपोषणच. हा शब्द आपण मेळघाटातल्या पोरांसाठी राखून ठेवलाय, त्यामुळे पुण्या-मिरजेच्या फ्लॅटमधल्या आजीला तो लावायला कुणी धजत नाही.

बीएमआय काढणं जमत नसेल (पाठीत वाकलेल्या माणसाची उंची मोजणार कशी?) तर पोटरी मोजा. खुर्चीत बसवायचं, पाय जमिनीवर, गुडघा काटकोनात, शिंप्याची टेप पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती, आवळायची नाही. ३१ सेंटीमीटरच्या खाली आली तर उशीर करू नका. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसवं, आणि वजनही फसवं. सुजेचं पाणी काट्यावर किलोच दाखवतं.

अण्णा_वाईकर

मी स्वतः ७४ वर्षांचा आहे म्हणून बोलायचा हक्क आहे. तुम्ही लोक उगाच बाऊ करता. आमचे वडील नव्वदीपर्यंत एकभुक्त होते. कमी खाणारा जास्त जगतो हे आमच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. पोटऱ्या काय मोजता, उद्या कान मोजाल.

वरणफळ

अण्णा, तुमचे वडील एकदा जेवत होते पण काय जेवत होते ते सांगा ना. दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट पिठलं, दूध, ताक? ते एकभुक्त आणि मारी बिस्किटवालं एकभुक्त यात फरक आहे.

अण्णा_वाईकर

तीन भाकऱ्या. आणि दूध घरच्या म्हशीचं. मान्य.

सिएटलकर

आमचा किस्सा, बाबा ठाण्यात, मी इथे, बहीण बेंगलोरला. व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसतो आणि चेहरा शेवटी उतरतो, त्यातून बाबा कॅमेऱ्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसणार, "जेवलात का" विचारलं की "हो हो मस्त जेवलो" ठरलेलं. कळलं ते किराणावाल्यामुळे. त्याची यादी माझ्या व्हॉट्सअॅपवर येते, पैसे मी भरतो, आणि पाच किलो आटा संपायलाच तयार नाही, तेलाची एक पिशवी दोन महिने पुरतेय, बिस्किटांचे पुडे मात्र दर आठवड्याला. स्वयंपाकाच्या मावशींना फोन करून विचारलं तर म्हणाल्या, दादा मी करून जाते, दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये तसंच असतं, साहेब म्हणतात कामवालीला देऊन टाक.

आता काय करतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉल चालू असतानाच काट्यावर उभं करतो आणि आकडा मोठ्याने वाचायला लावतो. फ्रिजवर कॅलेंडर आहे, त्यावर तेच लिहितात. पहिल्यांदा चिडले, आता स्वतःच शुक्रवारपासून जरा जास्त जेवतात, परीक्षा असल्यासारखं :)

निशिगंध

@सिएटलकर किराणा यादीची आयडिया भारीच! @वरणफळ पोटरी २९ भरली. धस्स झालं. एक विचारते, त्यांचं अल्ब्युमिन नॉर्मल आहे, ते प्रोटीनचंच असतं ना? मग कुपोषण कसं?

गावचा_डॉक्टर

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, हा प्रश्न रोजचा आहे म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर माफी.

अल्ब्युमिनवर जाऊ नका. ते शरीरात कुठे दाह (इन्फ्लमेशन) असेल, लिव्हर-किडनीचं काही असेल तर खाली येतं, आणि नीट न जेवणाऱ्या माणसातही बरेचदा छान नॉर्मल असतं. वजनाचा काटा आणि पोटरी जास्त खरं बोलतात. तसंच जाड माणूस कुपोषित नसतो हाही गैरसमज. पोट सुटलेलं, मांड्या-दंड गेलेले, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो, असे पेशंट खूप आहेत. छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, १२ सेकंदांच्या वर लागले तर स्नायू अशक्त झालेत असं धरतात.

दुसरं, आधी कारण शोधा, मग लाडू करा. एवढं वजन उतरलं तर थायरॉइड, टीबी, पोटाचा किंवा कुठलाही कॅन्सर, नैराश्य हे सगळं बघितलंच पाहिजे. म्हातारपणचा टीबी खोकल्याशिवायही येतो, नुसती भूक जाते आणि माणूस वाळत जातो. नवरा किंवा बायको गेल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जेवण तुटलेले तर किती बघितलेत.

तिसरं, गोळ्यांची पिशवी पालथी करा. मेटफॉर्मिनने (शुगरची गोळी) भूक मरते, तोंडाला धातूसारखी चव येते. लोहाच्या गोळ्यांनी मळमळ आणि बद्धकोष्ठ, आणि बद्धकोष्ठ असलेला माणूस जेवेल कशाला. हृदयाच्या काही गोळ्या (डिगॉक्सिन) जास्त झाल्या तर पहिलं लक्षण जेवण नको होणं हेच असतं. मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीची गोळी दोन्ही वर्षानुवर्षं चालू, त्यात शाकाहारी, म्हणजे बी१२ तपासायलाच हवं. पायाला मुंग्या, जीभ लालबुंद गुळगुळीत, विसरणं, हे "वयामुळे" म्हणून सोडून दिलेलं बरेचदा बी१२ची कमतरता निघते. पण एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, यादी घेऊन डॉक्टरकडे जायचं.

आणि पथ्याबद्दल. चाळिशीतल्या डायबेटिसवाल्याचं पथ्य अठ्ठ्याहत्तरीच्या आजींना लावू नका. इतर आजार, अशक्तपणा असलेल्या वयस्कर माणसात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८ पर्यंतही चालवून घेतात कारण साखर फार खाली गेली तर पडणं, हाड मोडणं, बेशुद्ध होणं हे त्याहून वाईट. वजन ७ किलो उतरल्यावर शुगर "छान" येणारच हो, माणूस जेवतच नाहीये! त्या वेळी गोळीचा डोस तसाच ठेवला तर धोका आहे. मीठही तसंच, लघवीची गोळी चालू आणि वर मीठ पार बंद, की सोडियम घसरतं आणि आजी अचानक बरळायला लागतात.

दुधावरची_साय

हे बरळण्याचं आमच्याकडे झालंय. सगळ्यांना वाटलं आजोबांना भ्रम झाला, शेजारच्या काकू तर दृष्ट काढायला निघाल्या होत्या. सोडियम ११८ निघालं.

उपासाची_मिसळ

उपासाबद्दल बोलायलाच हवं कारण आपल्या बायका उपास सोडणार नाहीत, कितीही डॉक्टर आणा. आमच्या आजीचं म्हणणं, आयुष्यभर केले, आता शेवटी देवाला काय सांगू. मग भांडण्यापेक्षा ताटच बदललं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात प्रथिन नावालाही नाही, जे काही आहे ते दाण्याच्या कुटात. तर आता वरीचा भात आणि वर दाण्याची आमटी घट्ट, राजगिऱ्याची लाही दुधात भिजवून, संध्याकाळी दही आणि शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ. निर्जळी मात्र बंद, ते आमच्या गुरुजींकडूनच वदवून घेतलं. डॉक्टरांचं ऐकत नव्हती, गुरुजी म्हणाले "औषधाला आणि दुधाला दोष नाही" की लगेच पटलं. ज्याचं ऐकतात त्याच्या तोंडून घाला, एवढंच.

निशिगंध

हाहा, मिरजेच्या गुरुजींना फोन लावते. @गावचा_डॉक्टर खूप धन्यवाद, मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीची गोळी दोन्ही आहेत, दहा वर्षं तरी झाली असतील. बी१२ कधी कुणी केलंच नाहीये. आता रोज किती प्रोटीन लागतं ते कुणी सांगेल का, ग्रॅममध्ये नको, वाटीत.

वरणफळ

ग्रॅम थोडे लागतीलच. आपल्याकडे आयसीएमआरने प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम ठरवलंय. वयस्कर माणसांत स्नायू टिकवायला १ ते १.२ धरतात, आजारातून उठत असेल तर त्याहून थोडं वर. (किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारून, नाहीतर नाही.) सासूबाईंच्या ४५ किलोला साधारण ४५ ते ५४ ग्रॅम.

आता वाट्या. दिवसभरात दोन कप दूध मिळून १३. अर्धी वाटी दही ३. घट्ट डाळ एक वाटी ६-७. पनीर ५० ग्रॅम, म्हणजे काड्यापेटीएवढे दोन तुकडे, ९. दाण्याचं कूट दोन मोठे चमचे भरून ५. तीन पोळ्या ९. झाले की ४५-४६, आणि यात एकही डबा-पावडर नाही. अंडं चालत असतं तर एका अंड्यात ६.

घट्ट डाळ म्हटलंय त्याकडे लक्ष द्या. म्हाताऱ्यांना "पचायला हलकं" म्हणून वरचं वरणाचं पाणी वाढतात आणि खालची डाळ बाकीचे खातात. भाताची पेज, डाळीचं पाणी, पालेभाजीचं सूप, याने पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. तूरडाळीने गॅस होत असेल तर मुगाची डाळ, भिजवून, हिंग-जिरं घालून. कमी जेवणाऱ्याला पातेलंभर नको, चमच्यात जास्त भरा. मऊ भातावर तूप (एक चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी), वर मेतकूट, भाजीत कूट, खिरीत दुधाची पावडर, नाचणी सत्त्व पाण्याऐवजी दुधात. नाचणीत कॅल्शियमही चांगलं. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. आणि जेवणाच्या आधी अर्धा तास चहा बंद, आपल्याकडे भुकेला मारायचं काम चहा जितकं करतो तितकं कुठलं औषध करत नसेल.

चकलीचा_तुकडा

टीव्हीवर जाहिरात येते त्या प्रोटीन पावडरचं काय? आमच्या दादाने दोन डबे आणून ठेवलेत, आई हात लावत नाही, म्हणते पोरांना द्या.

वरणफळ

डब्याच्या मागचं वाचा. कित्येकांत साखर पहिल्या दोन-तीन घटकांत असते. ज्यांना चावताच येत नाही किंवा ऑपरेशननंतर भागतच नाही त्यांना काही चांगली पेयं आम्ही देतो, पण जेवणाच्या ऐवजी नाही, दोन जेवणांच्या मधे. धडधाकट आईला त्या पैशात महिनाभर पनीर येईल.

तळकोकण

वाचतोय सगळं, चांगला धागा आहे. पण पनीर आणि बी१२ यांच्या पलीकडेही म्हातारी माणसं आहेत हो. आमच्या वाडीत घराआड एक म्हातारी एकटी, पोरगे मुंबईला. रेशनचा तांदूळ आहे म्हणून सकाळ-संध्याकाळ पेज, सोबत लोणच्याची फोड. मासे दारावर येतात पण एका माणसासाठी कोण घेणार, आणि साफ करायला डोळ्याला दिसत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये, ते येतात तेव्हा येतात, बँक तालुक्याला, रिक्षाभाडं वेगळं. देशात साठीच्या वरच्या चार माणसांत एक कमी वजनाचा आहे असं सरकारच्याच पाहणीत आलंय, ती ही माणसं.

आम्ही काही जणांनी एवढंच केलंय, ज्याच्या घरी कालवण झालं त्याने एक वाटी शेजारी द्यायची. सुकट-जवळा भाजून कुटून ठेवलेला डबा प्रत्येकीकडे आहे, तो पेजेवर पडतो. दात नसले तरी जातो खाली. १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, एल्डरलाइन म्हणतात, पेन्शन अडकली तर काय करायचं वगैरे सांगतात, लिहून ठेवा.

दुधावरची_साय

+१ तळकोकण. अंडं आणि सुकट यांच्याइतकं स्वस्तात मस्त काही नाही. शाकाहारात फुटाणे, पण चावायचे कसे म्हणून आम्ही दळून आणतो, सातूच्या पिठासारखं ताकात.

काळी_मांजर

आमच्या घरी स्मृतिभ्रंश आहे म्हणून वेगळं लिहिते. सासरे जेवल्याचं विसरतात, किंवा न जेवता जेवलो म्हणतात, दोन्ही. मोठं ताट समोर आलं की गोंधळतात आणि उठून जातात. ताटात एकाच वेळी एकच पदार्थ, चमच्याचं भान नाही म्हणून हातात धरून खाता येईल असं, इडलीचे तुकडे, मऊ धिरडं, पनीरचे लांब तुकडे, केळं. स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात त्यांना दिसतच नव्हता, रंगीत बशी घेतल्यावर खायला लागले, खोटं नाही सांगत. आणि पाणी पिताना ठसका लागतो का ते बघा, घशाखाली नीट उतरत नसेल तर अन्न फुप्फुसात जातं, तिथे जबरदस्तीने भरवायचं नाही, गिळण्याची तपासणी करून घ्यायची.

गावचा_डॉक्टर

हे ठसक्याचं फार महत्त्वाचं, पक्षाघात किंवा पार्किन्सन असलेल्यांत विशेष. एक राहिलं, ज्याने बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही त्याला पहिल्याच दिवशी ताट भरून खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून जीवावर बेततं. अशा माणसाला आधी दवाखान्यात आणा, तिथून हळूहळू वाढवतात.

अण्णा_वाईकर

दोन दिवस वाचतोय. पोटरी मोजली, ३५. पाच उठाबशा नऊ सेकंद. आता बोलतो.

म्हाताऱ्यांना विचारून काही कळणार नाही तुम्हाला. आम्ही सांगत नाही. सांगितलं की पोरं तपासण्या मागे लावतात, सुटी काढून येतात, खर्च करतात, आणि मग आठ दिवस सगळ्यांची तोंडं बघा. कवळी हिरडीला टोचते हे मी मुलाला सहा महिने सांगितलं नव्हतं, शेंगदाणे बंद केले आणि पित्ताचं कारण दिलं. निशिगंधताई, तुमच्या यादीतलं "शेंगदाणे पित्त, तूरडाळ गॅस" हे मला जरा ओळखीचं वाटतंय. ती कवळी वाजते म्हणालात ना, पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरकडे न्या. वजन उतरलं की हिरड्या बसतात, कवळी सैल होते, सैल झाली की चावता येत नाही, की वजन अजून उतरतं.

आणि एकट्याने ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो. स्वयंपाक येतो, पैसे आहेत, भूकही असते. पण एका माणसासाठी कुकर लावायचा, मग तो घासायचा. चहा-बिस्किटाला कुकर लागत नाही.

निशिगंध

अण्णा, अगदी बरोबर निघालात. कवळी काढून बघितली तर आत हिरडीवर जखम, पांढरी पडलेली. विचारलं "आई, सांगितलं का नाहीत?" तर म्हणाल्या, "एवढ्याशासाठी काय सांगायचं." नवीन कवळीचं माप दिलंय. पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी शुगरच्या गोळीचा डोस निम्मा केला, बी१२ बरंच कमी आलं, इंजेक्शनं चालू केलीत, छातीचा एक्सरे आणि पोटाची सोनोग्राफी ठीक आहे, थायरॉइडचा रिपोर्ट यायचाय. सोमवारचा उपास सुटला, संकष्टी आणि एकादश्या राहिल्यात, त्यावर गुरुजींचा निकाल बाकी.

भात, केळं आणि तूप परत आलंय ताटात. दूध मात्र नाहीच म्हणतात, वासच नको.

उपासाची_मिसळ

खरवस? दुधी हलवा? ताकाची कढी, बेसन जरा जास्त घालून?

चकलीचा_तुकडा

नुसत्या दुधाचा चहा, आलं-वेलची घालून, पाण्याचा थेंब नाही. आमच्या आईला कळलंही नाही की ती दूध पितेय.

निशिगंध

हे जमेल! बरं, त्या संक्रांतीनंतर परत मिरजेला जायचं म्हणतात, थांबणार नाहीत. तिथे घरगुती डबा देणारं कुणी माहीत आहे का, तिखट कमी आणि डाळ घट्ट देणारं? शक्यतो दुपारी शेजारच्या काकूंबरोबर बसून जेवता येईल असं बघतेय, दोघींचा एकच डबा.

सांगलीकर_पाव्हणा

मिरजेत बघतो विचारून, मामी तिथेच राहतात. दोघींचा असेल तर अजून सोपं, एका माणसाचा डबा द्यायला कुणी फार तयार नसतं. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

अण्णा_वाईकर

मेतकुटाची पाककृती कुणीतरी टाका, विकतचं बेचव असतं.

वरणफळ

अण्णा, वेगळा धागा काढा, इथे टाकली तर रात्रीपर्यंत हरभराडाळ किती भाजायची यावर शंभर प्रतिसाद होतील.